न्याय्य स्थित्यंतर (विदर्भाचा कोळसापट्टा)

कोळशाची खाण किंवा वीजकेंद्र बंद व्हायच्या आधीच त्यावर जगणाऱ्या गावांच्या पोटापाण्याची सोय लावणं, याला न्याय्य स्थित्यंतर म्हणतात. काही जण न्याय्य संक्रमण लिहितात, पण संक्रमण म्हटलं की तीळगूळ नाहीतर साथीचा रोग आठवतो, म्हणून इथे स्थित्यंतरच.

मूळ इंग्रजी शब्द कोणाचा यावर वाद आहे. बहुतेक जण अमेरिकेतल्या तेल-रसायन कामगार युनियनचे टोनी मॅझोकी यांचं नाव घेतात, त्यांचं म्हणणं सरळ होतं, विषारी जमीन साफ करायला सरकारी फंड आहे तर धंदा बुडालेल्या कामगारासाठी का नको? काही जण कॅनडातल्या युनियनना श्रेय देतात. कल्पना मॅझोकींची आणि नाव १९९० च्या दशकात दोन्हीकडे मिळून रुळलं, हे त्यातल्या त्यात पटतं. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत ही कल्पना आली.

विदर्भात कोळसा कामठी, उमरेड आणि वर्धा खोऱ्यात म्हणजे चंद्रपूर-वणीकडे. खाण बंद होणं इथे नवीन नाही. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली आणि साधारण १९०६ ला खाण बंदही पडली. रूळ तेवढे कामी आले, दिल्ली-चेन्नई गाड्या आजही वरोऱ्यावरून जातात.

खरी मेख 'प्रकल्पग्रस्त' कोण यात आहे. खाणीसाठी घेतलेल्या दोन एकराला एक नोकरी हा हिशोब सातबाऱ्यावर चालतो, त्यामुळे दुसऱ्याच्या वावरात निंदण करणारी बाई, ठेकेदाराचा डंपर ड्रायव्हर, खाणीच्या गेटवरचा चहाटपरीवाला कोणत्याच यादीत नसतो, आणि खाण बंद झाली की पहिला फटका यांनाच. २००९ च्या खाणबंदी नियमांनी कंपन्यांना एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच काढता येणाऱ्या राखीव खात्यात, पैसे ठेवायला लावले, तेव्हाच्या दराने खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीला १ लाख. पण त्या नियमांत हा पैसा मुख्यतः खड्डे, ढिगारे, कुंपण आणि झाडांचा होता, माणसांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं यायचं. जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणीची झळ बसलेल्यांसाठीचा जिल्ह्याचा निधी, खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीतून आलं, जुन्या खाणींना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम त्यात भरावी लागते, या पैशातून नवीन रोजगार उभा करता येईल, फक्त रस्ते आणि सभामंडपातच तो मुरला नाही तर.

कोळशावरच्या वीजकेंद्रांचंही वेगळं सांगायला नको, एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे.

शेतीकडे परत जा म्हणणं सोपं आहे. कोळसा वाहणाऱ्या रस्त्याच्या कडेला पऱ्हाटीची बोंडं फुटतात तीच काळपट, वेचणाऱ्या बाईची बोटंही काळी होतात आणि व्यापारी भाव पाडूनच मागतो. धुऱ्यापलीकडे ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचा डोंगर, पावसाळ्यात त्याची माती वावरात उतरते. आणि गेलेली जमीन? १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्यात ती मूळ मालकाला परत करायची तरतूदच नाही. २०२२ च्या धोरणाने कोळसा काढून झालेली जमीन कोळसा-ऊर्जेशी संबंधित प्रकल्पांना भाड्याने द्यायला वाट दिली, मालकी मात्र सरकारी कंपनीचीच.