तीन जुनी, दोन नवी

डेबियन या लिनक्स डिस्ट्रोमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचात, पॅकेजिंग करायला लागलेला माणूस एकदा तरी इथे अडखळतो. मजकुरात पॅटर्न शोधणारी पीसीआरई ही लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड: ‘पीसीआरई३’ ही जुनी आणि ‘पीसीआरई२’ ही नवी. आकडे चुकून उलटे पडलेले नाहीत. तीन हा सोनेमचा, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेपटीला असतो तो क्रमांक. दोन मात्र अपस्ट्रीमनेच, म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्या मूळ प्रकल्पानेच, नव्या लायब्ररीच्या नावात घातलेला.

प्रोग्राम बिल्ड होताना, म्हणजे सोर्सपासून तयार होताना, सोनेम त्यात नोंदवला जातो, आणि सुरू होताना तो नेमकी तीच फाइल मागतो. त्यामुळे दोन पिढ्या एकाच सिस्टिमवर सुखाने नांदू शकतात. लिनक्सची जुनी सी लायब्ररी पाचव्या क्रमांकावर होती, तिच्या जागी ग्लिबसी २ आली ती सहाव्यावर. डेबियनने जुलै १९९८ च्या २.० मध्ये हा पालट केला. जुन्या लायब्रऱ्यांसाठी ‘ओल्डलिब्स’ नावाचा विभाग आहे, आणि तो कधी ओस पडलेला नाही.

दोन पिढ्या चालतात, मग जुनी काढायचीच कशाला? याचं उत्तर मार्च २००२ मध्ये मिळालं. डेटा आकुंचित करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीत मेमरीचा एकच तुकडा दोनदा मोकळा होण्याची चूक सापडली आणि १.१.४ मध्ये ती दुरुस्त झाली. सामायिक प्रत वापरणाऱ्या प्रोग्रामांना एक अपडेट पुरलं. पण कितीतरी प्रकल्पांनी झेडलिबचा सोर्स स्वतःच्या कोडच्या झाडात चिकटवून ठेवला होता. खुद्द लिनक्सच्या कर्नलमध्येही एक प्रत होती. या प्रती एकेक करून हुडकायच्या आणि प्रत्येकीचं पॅकेज पुन्हा बिल्ड करायचं. डिस्ट्रोवाले ‘एक लायब्ररी, एकच प्रत’ म्हणून हटून का बसतात, हे तेव्हा उघड दिसलं. जुनी आवृत्ती ही तसं पाहिलं तर दुसरी प्रतच, आणि तिच्यासाठी अपस्ट्रीमकडून दुरुस्तीही येत नाही.

प्रत एकच ठेवायची तर सगळ्यांना एकत्र हलावं लागतं, आणि खरी कटकट तिथे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने १.१.० मध्ये आपले स्ट्रक्ट, म्हणजे डेटाच्या आतल्या रचना, झाकून टाकले. आतल्या फील्डला थेट हात घालणारा कोड बिल्डच होईना. जून २०१७ च्या ‘स्ट्रेच’ या आवृत्तीत डेबियनला १.०.२ आणि १.१ दोन्ही द्यावी लागली. तरी हा त्रास मला परवडतो, कारण कंपायलर निदान ओरडतो.

पीसीआरई गप्प बसते. केंब्रिजच्या फिलिप हेझल यांची ही १९९७ ची लायब्ररी. नवी पीसीआरई२ जानेवारी २०१५ मध्ये आली. फंक्शनांची नावं बदलणं हे दुपारभराचं काम. गोची पुढे आहे. पॅटर्नमधला एखादा ग्रुप, म्हणजे कंसातला भाग, जुळलाच नाही, तर जुनी लायब्ररी त्याच्या स्थानाच्या जागी उणे एक ठेवायची. नवीत ती जागा साइझ-टी प्रकारची, म्हणजे ऋण होऊच शकत नाही. तिथे एक अवाढव्य संख्या येते. ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ ही जुनी तपासणी तशीच राहिली तर ती कधीच खरी ठरत नाही. बिल्ड हिरवं, टेस्टही बहुधा हिरव्या. न जुळलेला ग्रुप ज्या दिवशी वापरात येतो, त्या दिवशी प्रोग्राम भलत्याच मेमरीत शिरतो. असा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासताना मी आधी नावं नाही, तुलनेची चिन्हं शोधतो.

जुन्या पीसीआरईची शेवटची आवृत्ती ८.४५, २०२१ मधली. तरी डेबियनच्या २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीत ८.३९ हजर होतीच. लायब्ररी किती जगणार हे तिच्यावर विसंबलेला शेवटचा प्रोग्राम ठरवतो, आणि बऱ्याचदा त्याचा अपस्ट्रीम कधीच पांगलेला असतो. पॅच पाठवायचा, वाट पाहायची. उत्तर आलं नाही तर तो पॅच आपणच जन्मभर सांभाळायचा किंवा पॅकेज काढायची विनंती टाकायची. मला दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. वापरणारे चिडतात, हे मान्य.

नावांचा घोळ मात्र वाढतच चालला आहे. ३२ बिटांत मोजलेली वेळ २०३८ मध्ये संपते, ही अडचण टाळायला ३२-बिट मशिनांवर वेळ ६४ बिटांत मोजायचं ठरलं, आणि २०२४ मध्ये डेबियनच्या कितीतरी लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी६४’ चिकटलं. ‘लिबएसएसएल३’ झाली ‘लिबएसएसएल३टी६४’. एएमडी६४ वर, म्हणजे नेहमीच्या ६४-बिट पीसीवर, वेळ आधीपासूनच ६४ बिटांची होती, म्हणजे तिथे आत काहीच बदललं नाही. नाव तेवढं बदललं.