पीएच मीटरचा बिघाड: जुनी काच, जुनाच सांधा

मीटर पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, चुकीचा दाखवतोय म्हटलं की पहिला संशय आकडे दाखवणाऱ्या ट्रान्समीटरवर जातो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. खोट असते द्रावणात बुडणाऱ्या काचेच्या बल्बमध्ये, रेफरन्सच्या (तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या) जंक्शनमध्ये, म्हणजे सांध्यात, नाहीतर केबलच्या टोकाशी. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पीएच ही मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. तेव्हा मोजणी हायड्रोजन इलेक्ट्रोडने होई आणि त्याचं प्लॅटिनम जरा अशुद्धी लागली की निकामी होई. पातळ काचेच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेची द्रावणं ठेवली की व्होल्टेज तयार होतं, हे क्रेमर यांनी १९०६ मध्येच पाहिलं होतं. १९०९ मध्ये हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी त्यातून काचेचा इलेक्ट्रोड घडवला. पण काचेतून वीज वाहते ती नावापुरती. साध्या गॅल्व्हानोमीटरला काही कळावं म्हणून बल्ब इतका पातळ फुगवावा लागे की हात लागताच फुटे.

कोंडी फोडली लिंबाच्या रसाने. कॅलिफोर्नियात सल्फर डायऑक्साइड घालून टिकवलेल्या रसाची आम्लता मोजायची होती. त्या वायूने लिटमसचा रंग उडे आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड बाद होई. १९३४ मध्ये अर्नोल्ड बेकमन यांनी क्षीण सिग्नल मोठा करणारा व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर जोडला आणि जाड, टिकाऊ बल्ब वापरता येऊ लागला.

काचेचा रोध मात्र तसाच राहिला, शेकडो मेगाओहमच्या घरात. म्हणून कनेक्टरमध्ये जराशी ओल शिरली तरी व्होल्टेज तिथूनच गळतं आणि मिलिव्होल्ट शून्याकडे सरकतात. शून्य मिलिव्होल्ट म्हणजे साधारण पीएच ७. बफर (ठरलेल्या पीएचचं तपासणीचं द्रावण) ४ चा असो वा ९ चा, मीटर ७ वरच अडून बसला तर ओल शोधा, नाहीतर बल्बला गेलेला तडा. (मीटर एकदम शांत आहे म्हणून खूश होणारे ऑपरेटर मी पाहिलेत!)

दुसरा वारसा रेफरन्सचा: सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार, पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि ते हळूहळू झिरपू देणारं सच्छिद्र जंक्शन. प्रोसेसमध्ये सल्फाइड असेल तर काळं सिल्व्हर सल्फाइड तयार होऊन छिद्रं बुजतात. त्यावर उतारा म्हणून एकामागे एक दोन जंक्शनं असलेलं डबल जंक्शन आलं. पुढे दोन्ही इलेक्ट्रोड एकाच दांड्यात बसवले गेले. बसवायला सोय झाली, पण रेफरन्स बदलून पाहण्याची जुनी, सरळ युक्ती गेली.

मग उरतो तो बफरचा हिशेब. २५ अंश सेल्सिअसला एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, म्हणजे ७ आणि ४ च्या बफरमध्ये सुमारे १७७ चा फरक हवा. तो १५० वर आला तर काच थकली किंवा माखली आहे. आधी धुऊन पाहा. फरक बरोबर पण दोन्ही आकडे एकाच बाजूला सरकलेले असतील तर रेफरन्सकडे वळा. नुसतं कॅलिब्रेशन मारून (मीटरचा आकडा बफरशी जुळवून) हा सरक झाकणं मला कधीच पटलेलं नाही.

१९७० मध्ये बर्गवेल्ड यांच्या आयएसएफईटीने, म्हणजे आयन टिपणाऱ्या ट्रान्झिस्टरने, काचेला पर्याय दिला. रेफरन्स मात्र लागतोच. अलीकडच्या डिजिटल सेन्सरमध्ये सिग्नल धातूच्या स्पर्शाशिवाय पलीकडे जातो, त्यामुळे कनेक्टरमधल्या ओलीची कटकट मिटली. जंक्शन अजूनही सच्छिद्रच आहे, आणि अजूनही बुजतं.