मुलांचे मानसिक आरोग्य आणि पदवी विद्यार्थ्यांचे उन्हाळी संशोधन : नागपूरच्या संदर्भातील पार्श्वभूमी

पदवीच्या विद्यार्थ्याने सुट्टीचे दोन महिने एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करावे आणि त्यासाठी त्याला विद्यावेतन मिळावे, ही पद्धत आरोग्याच्या क्षेत्रात आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांतून रुजली. मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास मात्र शाळा, बालन्यायालय आणि समाजकार्य यांच्या वाटेने आला. नागपुरात आज या विषयात उन्हाळी प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या दोन वाटा वेगळ्या राहिल्यामुळे आलेल्या आहेत.

बालमार्गदर्शन केंद्रांचा उगम साधारणपणे १९०९ मध्ये शिकागोत सापडतो. तेथील बालन्यायालयात येणाऱ्या मुलांची तपासणी करण्यासाठी विल्यम हीली यांच्या नेतृत्वाखाली एक संस्था सुरू झाली आणि मूल असे का वागते, हे शिक्षेच्या आधी विचारण्याची रीत पडली. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या आश्रयाने भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. नागपुरात मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, पण त्या काळातल्या अशा संस्थांचा हेतू मुख्यतः प्रौढ रुग्णांना बंदिस्त ठेवण्याचा होता. शाळेत मागे पडणारे किंवा बोलायला उशीर झालेले मूल घेऊन आईबापांनी जावे, अशी ती जागा नव्हती.

ती जागा नागपुरात बालमार्गदर्शन केंद्राने दिली आणि तेथे काम करणाऱ्या डॉ. ए. जे. मालिन यांच्यामुळे या शहराचे नाव देशभरातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड येथे एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये तयार केलेल्या सामाजिक परिपक्वता मापनश्रेणीचे भारतीय रूप मालिन यांनी साठच्या दशकात सिद्ध केले. पाठोपाठ १९६९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचणीवर आधारलेली भारतीय मुलांसाठीची चाचणी आली. ती ‘मिसिक’ (मालिन्स इंटेलिजन्स स्केल फॉर इंडियन चिल्ड्रन) या आद्याक्षरी नावाने आजही ओळखली जाते.

यांतल्या पहिल्या, सामाजिक परिपक्वतेच्या श्रेणीत मुलाला काहीच सोडवायला दिले जात नाही. आईला किंवा मुलाला रोज पाहणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले जातात आणि ८९ बाबींवरून मुलाचे सामाजिक वय काढले जाते. डॉल यांच्या मूळ श्रेणीत सुरीने पावाला लोणी लावण्यासारख्या बाबी आहेत, तर मालिन यांच्या श्रेणीत मूल भात स्वतः नीट कालवून खाते का, असे विचारले जाते. हा बदल दिसायला किरकोळ आहे. पण तो करायला कुणाला तरी इथल्या घरांत मुले कशी जेवतात, हे पाहावे लागले होते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्वाच्या निदानासाठी या दोन्ही साधनांचा उल्लेख आहे. मात्र ‘मिसिक’चे मानदंड, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ती प्रमाणे, अर्धशतकापूर्वीच्या मुलांवरून ठरलेले आहेत आणि जुन्या मानदंडांवर आजच्या मुलांचे गुण प्रत्यक्षाहून जास्त येण्याची शक्यता असते, ही गोष्ट जगभर मान्य झालेली आहे. नागपूरच्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा संशोधनविषय शोधूनही सापडणार नाही, आणि तरीही बहुतेकांना ही साधने कुठून आली याचा पत्ता नसतो.

दुसरी वाट पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधनाची. अमेरिकेत सोव्हिएत उपग्रहाने दिलेल्या धक्क्यानंतर, १९५८ च्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने पदवी विद्यार्थ्यांना संशोधनात सामील करून घेण्यासाठी अनुदान सुरू केले. ते १९८१ मध्ये बंद पडले आणि १९८७ मध्ये नव्या रूपात परतले. आठ-दहा आठवड्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम हा साचा तिथे तेव्हापासून पक्का झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने याच धर्तीची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना त्याआधीच, १९७९ मध्ये, सुरू केली होती. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय पदवीचा विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयातला गाइड निवडतो, प्रस्ताव पाठवतो, मंजुरीनंतर दोन महिने काम करतो आणि अहवाल स्वीकारला गेला की विद्यावेतन व प्रमाणपत्र मिळते. नागपुरातल्या मेडिकल व मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या किंवा जवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली ओळख बहुधा याच योजनेतून होते. मानसशास्त्र घेऊन बीए करणारा किंवा समाजकार्याची पदवी घेणारा विद्यार्थी मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो. ज्या विद्याशाखांनी बालमार्गदर्शन उभे केले, त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी अशी ठरलेली वाट नसावी, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत खटकणारे वळण वाटते.

उन्हाळ्याचा हिशेबही इथे वेगळा आहे. पारा ४५ अंशांपलीकडे जात असल्याने विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा कित्येकदा जूनपर्यंत रेंगाळतात. म्हणजे विद्यार्थी मोकळा असतो तेव्हा शाळेतले मूल भेटत नाही. साहजिकच सुट्टीतले काम ओपीडीत येणाऱ्या मुलांवर होते आणि जी मुले दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत, ती अभ्यासाबाहेर राहतात. शिवाय २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढील वयात लेखी होकार घ्यावा लागतो. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, पालकांचे संमतिपत्र आणि मुलाचा होकार हे सारे दोन महिन्यांत बसवायचे, तर प्रस्तावाची तयारी हिवाळ्यातच व्हावी लागते.

या अभ्यासांची गरज आकडेवारीतूनही दिसते. बंगळुरूमधील पाहणीचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष शून्य ते सोळा वर्षे वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण १२.५ टक्के सांगतात, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा या वयोगटासाठी तेच ७.३ टक्के निघाले. वयोगट आणि साधने वेगळी असल्याने दोहोंची थेट तुलना करता येत नाही. विशेष म्हणजे राष्ट्रीय सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे विदर्भातल्या मुलांविषयी त्यातून थेट काही सांगता येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमात आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी यांची तरतूद झाल्याने कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही प्रथमच अधिकृत चौकट मिळाली आहे. दोन-चार श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) आंतरवासितेत मुलाखत घेणे, केस हिस्ट्री लिहिणे आणि मालिन यांची श्रेणी देखरेखीखाली वापरायला शिकणे शक्य आहे. नवीन मुलांकडून माहिती गोळा करण्याचा प्रकल्प मात्र चौथ्या वर्षासाठी राखून ठेवावा लागेल, कारण तोपर्यंत जुलैतल्या शाळा आणि एथिक्स कमिटीची तारीख दोन्ही विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतात.