दिवाणी विधी साहाय्याचा सार्वजनिक निधी (नागपूर)

घरमालकाने घर खाली करायला लावले, नवऱ्याने खावटी थांबवली, वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीत बहिणीला डावलले, अपघातात गेलेल्या कमावत्या माणसाची भरपाई अडली. अशा प्रकरणांत कमी उत्पन्नाच्या पक्षकाराला सरकारी खर्चाने वकील मिळणे आणि कोर्ट फी, नकला यांचा भार शासनाने उचलणे म्हणजे दिवाणी विधी साहाय्य. त्यासाठी अर्थसंकल्पात पुरेशी आणि दरवर्षी खात्रीची तरतूद असावी, ही मागणी देशभर होते. नागपुरात तिला काही स्थानिक संदर्भ आहेत.

मोफत वकिलाची कायदेशीर सोय येण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३३ हाच निर्धन वादीचा मुख्य आधार होता. तो आजही लागू आहे, पण त्यातली मुख्य सवलत कोर्ट फी आधी न भरण्याची; दावा हरल्यास ती वादीकडूनच वसूल होऊ शकते. म्हणजे ही माफी नव्हे, उधारी. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत विधी साहाय्य राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व झाले. त्यावर आधारलेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला, पण अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला.

या अधिनियमाच्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. खावटीसाठी अर्ज करणाऱ्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यापायी सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहण्याचे म्हणूनच कारण नाही.

नागपुरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे काम सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयातून चालते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची स्वतंत्र विधी सेवा उपसमिती आहे, आणि तालुका पातळीवर समित्या आहेत. रचना कागदावर भक्कम आहे. अडते ते पैशांपाशी. कलम १५ ते १७ नुसार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा असे तीन निधी असतात. राष्ट्रीय निधी केंद्राच्या अनुदानावर, राज्य निधी केंद्रीय प्राधिकरण व राज्य सरकार यांच्या रकमांवर, आणि जिल्ह्याचा निधी मुख्यतः राज्य प्राधिकरण देईल त्यावर चालतो. जिल्ह्याला स्वतःच्या कमाईचा म्हणावा असा मार्ग नाही, त्यामुळे वरची तरतूद आखडली की खाली पॅनल वकिलाचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतून नेमलेल्या वकिलाचे, मानधन लांबते.

फौजदारी बाजूची स्थिती वेगळी आहे. हुसैनारा खातून (१९७९) आणि सुक दास (१९८६) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला मोफत वकील मिळणे हा अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, भाग मानले. २०२२ पासून ठरावीक मासिक मानधनावर पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची योजना आली, तीही फक्त फौजदारी खटल्यांसाठी. दिवाणी पक्षकाराचा भार मात्र अजून पॅनलवरच्या वकिलांवर आहे. हे वकील आपला खासगी व्यवसाय सांभाळून ही कामे घेतात, मिळणारे मानधन खासगी शुल्कापुढे तुटपुंजे असते, आणि दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. समर्थकांचा मुख्य आग्रह म्हणूनच असा आहे की पूर्णवेळ वकिलांची सोय दिवाणी बाजूलाही करावी. अमेरिकेतही फौजदारी आरोपीला १९६३ पासून वकिलाचा हक्क आहे, दिवाणी पक्षकाराला सर्वसाधारणपणे नाही. तिथे १९७४ मध्ये दिवाणी साहाय्यासाठी वेगळे महामंडळ उभारले गेले आणि त्याच्या अनुदानासाठी दरवर्षी संसदेसमोर बाजू मांडावी लागते.

मागणीवर आक्षेपही आहेत. मोफत वकील दिला की खोटे दावे वाढतील, हा त्यांतला जुना. पण सकृद्दर्शनी खटला उभा राहतो की नाही हे कलम १३ नुसार आधी तपासले जातेच. तडजोडीने वाद मिटवणारे लोकन्यायालय असताना वेगळा खर्च कशाला, हा दुसरा आक्षेप अधिक दमदार. तिथे कोर्ट फी लागत नाही, आधी भरलेली परत मिळते आणि निवाडा अंतिम असतो. तरी तडजोड करताना समोर बँकेचा किंवा विमा कंपनीचा वकील आणि आपल्या बाजूला कोणीच नाही, अशी स्थिती असेल तर सही कशावर होते आहे हे पक्षकाराला समजावून सांगणारा माणूस लागतोच. अंतिमतेमुळे तर अधिकच, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

१९५३ च्या नागपूर कराराने शहराला दोन गोष्टींचे आश्वासन दिले: उच्च न्यायालयाचे कामकाज आणि विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन. विधान भवन आणि न्यायालये दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच आहेत. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव, याच शहरात मंजूर होतात, आणि त्याच दिवसांत शिक्षक, अंगणवाडी सेविका, प्रकल्पग्रस्त यांचे मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात. विधी साहाय्याच्या लाभार्थ्यांची अशी संघटना उभी राहणे अवघड आहे. एकीचा खावटीचा अर्ज आणि दुसऱ्याचा भाडेदावा यांना जोडणारे काहीच नसते. शिवाय निकाल लागला की माणूस न्यायालयाकडे वळून पाहत नाही. त्यामुळे ही मागणी मांडण्याचे काम बहुतेक वेळा वकील, निवृत्त न्यायाधीश, महिला संघटना आणि विधी महाविद्यालये यांच्याकडे येते.

विधी महाविद्यालयांचा संबंध थेट निधीशी आहे. मनुभाई प्रागजी वाशी प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला मान्यताप्राप्त खासगी विधी महाविद्यालयांनाही अनुदान देण्यास सांगितले. अनुच्छेद ३९-अ नुसार विधी साहाय्य द्यायचे तर आधी वकील घडवणाऱ्या संस्था टिकल्या पाहिजेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. नागपुरातील विधी महाविद्यालयांत आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात विधी साहाय्य केंद्रे चालतात. विद्यार्थी अर्ज लिहून देतात, शिबिरांत माहिती सांगतात. मात्र वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्यांना नाही.