शोधयंत्र अनुकूलन आणि दुवेबांधणी : बेळगाव सीमाभागातील व्यवहार

एखाद्या विषयाचा शोध घेणाऱ्या माणसाला आपले पान गूगलसारख्या शोधयंत्राच्या निकालांत सहज आणि वरच्या जागी दिसावे, यासाठी संकेतस्थळाचा मजकूर, मांडणी आणि बाहेरून येणारे दुवे यांवर केलेले काम म्हणजे शोधयंत्र अनुकूलन. बोलण्यात सगळे याला एसईओ म्हणतात. गिऱ्हाईक तेही म्हणत नाही. ते ‘आमचं दुकान गूगलवर वर आणा’ एवढेच सांगते. पैसे भरून मिळणारी जाहिरातीची जागा यात मोडत नाही. दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्या पानाकडे येणारे दुवे, म्हणजे बॅकलिंक, मिळवण्याच्या कामाला दुवेबांधणी किंवा लिंक बिल्डिंग म्हणतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी पाट्या शेजारी शेजारी लागतात, आणि एकाच गावाला दोन-तीन रूपांची नावे असतात. पुण्या-मुंबईकडे सहसा न पडणारा प्रश्न त्यामुळे इथे पहिल्याच दिवशी पडतो: लोक आपल्याला कोणत्या नावाने शोधतात?

यंत्राचे काम

शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारी आज्ञावली, एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने जातो, मजकूर वाचतो आणि सूचीत टाकतो. कोणी शोध घेतला की त्या सूचीतून पाने काढून त्यांचा क्रम लावला जातो. ज्या पानाकडे एकही दुवा येत नाही ते सापडायला वेळ लागतो. संकेतस्थळातील पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, देऊन ही अडचण काही प्रमाणात सुटते.

दुव्यांना वजन आले ते पेजरँकमुळे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत मांडली आणि १९९८ मध्ये गूगलची स्थापना केली. विद्वानांच्या निबंधांत ज्या निबंधाचा हवाला वारंवार दिला जातो तो महत्त्वाचा मानतात, त्याच विचारावर ती उभी आहे. मूळ सूत्रात प्रत्येक पान आपले वजन आपल्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांत सारखे वाटते. समजा, एखाद्या जुन्या वाचनालयाच्या पानावर फक्त पाच दुवे आहेत आणि त्यांतला एक तुमच्याकडे येतो. मग त्या वजनाचा पाचवा हिस्सा, सूत्रातल्या ०.८५ या ठरावीक गुणकाने गुणून, तुमच्या पदरात पडतो. त्याच पानावर ५०० दुवे असतील तर हाच हिस्सा पाचशेवा होतो. शेकडो दुकानांची नावे एकाखाली एक लावलेल्या डिरेक्टरीतला दुवा फारसा कामाला का येत नाही, हे या हिशेबातूनच कळते. आता गूगल क्रम लावताना इतर असंख्य खुणा पाहते, पण दुवा ही ओळख देणारी खूण अजून टिकून आहे.

विकतचे दुवे

ओळखीला किंमत आली की ओळख विकणारेही येतात. ‘महिन्यात हजार बॅकलिंक’ असे ठेके घेणारे लोक ओसाड संकेतस्थळांवर, परकीय भाषांतल्या पानांवर दुवे टाकून देतात. गूगलने २४ एप्रिल २०१२ रोजी पेंग्विन नावाचा बदल आणला, तो अशाच बनावट दुव्यांविरुद्ध होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोयही दिली. त्याआधी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली होती. ही खूण लावलेल्या दुव्यातून शिफारस धरू नये असा तिचा अर्थ. २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण झाली. विकिपीडियावरील बाहेरचे दुवे २००७ पासून नोफॉलो आहेत, म्हणून आपल्या गावाच्या लेखात दुकानाचा पत्ता घुसवून क्रम वाढत नाही, लेख मात्र बिघडतो. सीमाभागातल्या लहान व्यावसायिकाने असा ठेका कधीही घेऊ नये. दंड बसून पान निकालांतून खाली गेले की ते पुन्हा वर आणण्यात महिने जातात, आणि दुवे टाकणारा तोवर फोन उचलत नाही.

नावांचा प्रश्न

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बेलगामऐवजी बेळगावी केले. मराठी माणूस बेळगाव म्हणतो आणि लिहितो, जुना लेखक बेळगांव असा अनुस्वार देतो, रोमन लिपीत जुने आणि नवे दोन्ही स्पेलिंग चालतात, हिंदीत बेलगाम आणि बेलगावी. एवढ्या मोठ्या शहराच्या बाबतीत गूगल ही सगळी रूपे एकच समजते. अडते ते लहान गावांत, गल्ल्यांत आणि पदार्थांत. रोमन लिपीत ळ नाही, त्यामुळे येळ्ळूर, कंग्राळी ही नावे जो तो आपापल्या कानाप्रमाणे टाइप करतो. येळ्ळूरच्या किल्ल्याला कोणी राजहंसगड म्हणते, कोणी येळ्ळूरगड. बेळगावचे मांडे कन्नडमध्ये मंडिगे होतात.

याचा उपाय साधा आहे. शहापुरातल्या एका मांडेवाल्याचे पान डोळ्यांपुढे आणा. पानाचे शीर्षक ‘होम’, आणि खाली दुकानाच्या फलकाचा एकच फोटो. नाव, पत्ता, फोन नंबर सगळे त्या फोटोत. माणसाला ते दिसते, पण शोधयंत्राच्या हाती वाचायला जवळजवळ काहीच लागत नाही. आता शीर्षक ‘मांडे आणि कुंदा, शहापूर, बेळगाव’ असे करा आणि खाली दोन वाक्ये लिहा: ‘लग्नासाठी मांडे हवे असतील तर चार दिवस आधी सांगावे. कन्नडमध्ये यालाच मंडिगे म्हणतात.’ दोन्ही नावे आली, गाव आले, गिऱ्हाइकाला हवी ती माहितीही आली. पानाच्या तळाशी बेळगावची सगळी रूपे बारीक अक्षरांत ओळीने लावणे मात्र चूक. गूगल त्याला शब्दांची भरताड समजते.

फाँटमध्ये अडकलेली मराठी

या भागापुरते बोलायचे तर सर्वांत मोठे नुकसान इथे आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी मजकूर जुळवणीसाठी जे फाँट वापरले जात, त्यांत पडद्यावर क दिसला तरी आत एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. असा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग उमटते, आणि शोधयंत्र तीच रांग वाचते. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. अशा संमेलनाची स्मरणिका, ग्रामदेवतेच्या यात्रेची माहिती, शाळेच्या शताब्दीचा अंक जुन्या फाँटच्या पीडीएफमध्ये किंवा स्कॅन केलेल्या चित्रांत राहिला, तर त्यातले आजोबांचे नाव शोधणाऱ्या नातवाला तो कधीच सापडणार नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये आणून साध्या पानावर ठेवणे हे कोणत्याही दुवेबांधणीच्या आधीचे काम आहे.

रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यानंतर एकदा डोळ्यांखालून घालावेच लागते. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरे फुटतात. ‘ऱ्य’ तर युनिकोडमध्येही दोन रीतींनी लिहिता येतो: एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसरीत साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, आत वेगळे. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’ असे शब्द मराठीत पावलोपावली येतात, म्हणून एका संकेतस्थळावर एकच रीत पाळावी.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा का, असे पुष्कळजण विचारतात. ठेवता येतो. मात्र तो कॉपी केला की प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात: ‘बेळगाव’ या शब्दात ६ चिन्हे आहेत, त्यांची ५४ होतात. निरोपातून पाठवलेला असा दुवा पाहून लोक घाबरतात आणि उघडत नाहीत. पत्ता आखूड रोमन आणि मजकूर शुद्ध देवनागरी, ही तोड सोयीची पडते.

इथले दुवे कोठून येतात

टिकणारा दुवा तो, जो कोणाच्या तरी खऱ्या कामातून येतो. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फौंड्रीला तिचा माल घेणाऱ्या कारखान्याने आपल्या पानावर पुरवठादार म्हणून दाखवावे. खानापूरच्या जंगलाकडच्या घरगुती निवाऱ्याला चोर्ल्याच्या घाटातून येणाऱ्या गोव्याच्या भटक्यांनी आपल्या सफरीच्या वर्णनात नोंदवावे. संमेलनाच्या पानाने मंडप, छपाई, जेवण देणाऱ्यांची नावे दुव्यांसह द्यावीत. वर्तमानपत्रात बातमी आली तर त्यातून दुवा मिळावा म्हणून वार्ताहराला आपल्या पानाचा पत्ता आठवणीने द्यावा. हे फार थोडे लोक करतात.

यापेक्षा वरचा मार्ग म्हणजे ज्याचा हवाला द्यावासा वाटेल असे पान लिहिणे. कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना लागू आहे, आणि त्यांत बेळगाव आहे. ही गोष्ट बाहेर फारशी ठाऊक नाही. अथणीच्या एखाद्या कारागीर कुटुंबाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कसे कमावतात, तळ कसा शिवतात, हे आपल्या शब्दांत आणि आपल्या छायाचित्रांसह मांडले, तर चपलेवर लिहिणारा प्रत्येकजण त्या पानाकडे बोट दाखवील. असा दुवा विकत मिळत नाही.

नकाशा आणि भाषा

नकाशावरील निकालांसाठी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरची दुकानाची नोंद, लागते. त्यात संबंध, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगल स्वतः सांगते. अंतराला राज्याची हद्द कळत नाही, हे सीमाभागाच्या फायद्याचे आहे: चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण त्याची बाजारपेठ बेळगाव; निपाणी कर्नाटकात, पण तिला कोल्हापूर जवळ. म्हणून बेळगावच्या डॉक्टरने किंवा निपाणीच्या व्यापाऱ्याने पलीकडच्या गिऱ्हाइकाला कळेल अशी माहिती मराठीत लिहावी. दुकानाच्या नावात ‘बेळगावचा सर्वोत्तम कुंदा’ असे शब्द घुसवू नयेत. फलकावर असेल तेच नाव द्यायचे, असा नियम आहे.

मराठी, कन्नड आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर खालीवर लावण्यापेक्षा प्रत्येक भाषेला वेगळे पान द्यावे. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते. ही पाने एकमेकांची रूपे आहेत हे ‘एचरेफलँग’ या खुणेने सांगतात, आणि ती दोन्हीकडून लावावी लागते: मराठी पानाने कन्नड पानाचा पत्ता दिला, पण कन्नड पानाने मराठीचा दिला नाही, तर ती खूण धरली जात नाही.