पार्श्वभूमी : किंग दिनाचे समूहगान आणि मालकीचा वाद

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी, मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या निमित्ताने, अमेरिकेत ठिकठिकाणच्या चर्चमध्ये नागरी हक्क चळवळीला आदरांजली वाहिली जाते. ही राष्ट्रीय सुट्टी १९८६ पासूनची. अशा सभांत हौशी गायकवृंद ‘वुई शॅल ओव्हरकम’ म्हणतात आणि श्रोते हात गुंफून उभे राहतात. ‘हम होंगे कामयाब’मुळे ही चाल आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

गाण्याचे मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांत. १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या सिगार कारखान्यात संप झाला, तेव्हा कामगार स्त्रियांनी ते मोर्चात म्हटले. तिथून ते टेनेसीतल्या एका कार्यकर्ता-प्रशिक्षण शाळेत पोहोचले, १९४८ मध्ये छापले गेले आणि एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली (Raleigh) शहरातल्या विद्यार्थी परिषदेत पोहोचून चळवळीचेच झाले. १९६१-६२ मध्ये जॉर्जियातील ऑल्बनीच्या चर्चमधल्या सभांत गायक वेगळे आणि श्रोते वेगळे असा भेदच नव्हता. कुणीही उठून ओळ सुरू करावी, बाकीच्यांनी उचलून धरावी. तुरुंगातही तेच. आजच्या गायकवृंदाच्या हाती छापील स्वरलिपी असते, समोर संचालक असतो. सफाई आली, पण सभेचा तो मोकळेपणा गेला, असे वाटते.

हक्कांचा गुंता खरा इथला. १९६० आणि १९६३ मध्ये चौघांच्या नावे गाण्याच्या स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) नोंदणी झाली, चौघेही गोरे. व्यापारी गैरवापर टळावा म्हणून हे केले, असा त्यांच्या बाजूचा खुलासा. मानधन दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कामासाठी एका निधीत जाई, हेही खरे. तरी ज्या कामगार स्त्रियांनी गाणे घडवले त्यांची नावे नोंदीत नाहीत, ही गोष्ट निधीच्या हिशेबाने पुसली जात नाही. शिवाय अमेरिकी कायद्यात उपासनेदरम्यान धार्मिक रचना परवानगीशिवाय गायला सूट आहे. संध्याकाळची आदरांजली सभा मात्र उपासना ठरतेच असे नाही, मग जागा चर्चची असली तरी. स्वरलिपीच्या प्रती काढणे तर त्या सवलतीत मुळीच बसत नाही.

२०१६ मध्ये गाण्यावर माहितीपट करू पाहणाऱ्यांनी या हक्काविरुद्ध दावा लावला. आधी छापलेल्या गाण्याहून नोंदणीतले वेगळेपण म्हणजे मुख्यतः ‘विल’च्या जागी ‘शॅल’ आणि ‘डाउन’च्या जागी ‘डीप’. एवढ्याशा फरकाने नवी रचना होत नाही, असे म्हणत न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये पहिल्या कडव्यावरचा हक्क नाकारला. खरे तर हे कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वीच विचारायला हवे होते. पूर्ण सुनावणीपूर्वीच, जानेवारी २०१८ मध्ये, हक्क सांगणाऱ्या प्रकाशकांनी तडजोड केली आणि शब्द व चाल सर्वांसाठी खुली झाली. नव्या स्वरयोजनांवर मात्र त्या बांधणाऱ्यांचा हक्क असू शकतो. त्यामुळे चार आवाजांतली तयार मांडणी घेणाऱ्या गायकवृंदाला परवानगीचा कागद आजही तपासावा लागतो.