साडेसात टक्के तांब्याची करामत

सराफाकडे चांदीच्या वस्तूवर '९२५' असा शिक्का (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं) दिसला की गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी पडते. 'म्हणजे साडेसात टक्के भेसळच ना?' भेसळ नव्हे, ती गरज आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडचं टँकार्ड घ्या. हा बिअर प्यायचा, झाकणाचा, एका कानाचा भला मोठा चांदीचा पेला. त्या काळात घरची शिल्लक अशा भांड्यांत राहायची आणि अडचण आली की भांडं वितळवून नाणी पाडायची. १६४३ मध्ये पहिल्या चार्ल्स राजानं युद्धासाठी ऑक्सफर्डच्या कॉलेजांकडची चांदी अशीच वितळवली.

हे भांडं एका सपाट पत्र्यातून, ऐरणीवर ठोकून उभं केलं जाई. चांदीत अणूंचे थर असतात आणि त्या रचनेत जागोजागी खोट असते. ठोका बसला की ही खोट सरकते, थर एकमेकांवरून घसरतात आणि पत्रा वाकतो. पण प्रत्येक ठोक्यागणिक नव्या खोटी तयार होतात, एकमेकींत अडकतात. पत्रा कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. मग त्याला मंद लाल होईपर्यंत ताव द्यायचा. अणू नव्यानं रचले जातात, पत्रा पुन्हा मऊ. पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामानं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी, तांब्याचं भांडं कणखर होतं, त्यामागेही हेच आहे.

आता तांब्याकडे येऊ. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा लहान. तो मध्ये बसला की थर वेडेवाकडे होतात, घसरण अडते. सुमारे ७८० अंश सेल्सिअसला चांदीत जास्तीत जास्त ८.८ टक्के तांबं विरघळतं, थंड चांदीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून तापलेला पत्रा सावकाश निवू दिला तर तांब्याचे कण वेगळे होऊन तो कडक होतो. चटकन पाण्यात बुडवला तर त्यांना वेगळं व्हायला वेळच मिळत नाही आणि पत्रा मऊ राहतो. पोलादाच्या अगदी उलट! मला या धातूचं सर्वांत मोठं कौतुक याचंच आहे.

चांदीच्या पेल्यात विष ओतलं की पेला काळा पडतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. चांदी काळी पडते ती गंधकानं. सोमल म्हणजे आर्सेनिकचं विष; शुद्ध सोमलात गंधक नसतं, त्यामुळे पेला चकचकीतच राहील आणि पिणारा जिवाला मुकेल.

टँकार्ड आणि नाणं, दोन्ही एकाच मिश्रणाची. त्यामुळे लोक नाण्यांच्या कडा कातरून ती चांदी थेट सोनाराकडे नेऊ लागले. १६९७ मध्ये कायदा आला : भांड्यांत ९५.८४ टक्के चांदी हवी. नाणी वितळवून सरळ भांडी करणं बंद झालं, पण नवी चांदी मऊ निघाली आणि कारागीर कुरकुरू लागले. १७२० मध्ये ९२.५ टक्क्यांना पुन्हा मुभा मिळाली, सोबत औंसामागे सहा पेन्स कर. मधल्या तेवीस वर्षांतलं टँकार्ड हाती आलं, तर कानाशेजारी काठाखाली पाहा. तिथे ९२.५ टक्क्यांची खूण असलेल्या चालत्या सिंहाच्या जागी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, ठशानं उमटवलेली असते, नखाएवढी.